वारा येत नाही

पहाटे साडेपाचला दादांनी बटण दाबलं
आणि भट्टीच्या तोंडाशी गाल नेऊन थांबले.
मग मला उठवलं.
"वारा येत नाही. बघ, गुणगुणतेय का?"

दादांना ऐकू येत नाही.
तांबट लेनमध्ये बावन्न वर्षं ठोक्यांत बसलं
की कान आधी जातात, हात नंतर.
डाव्यात थोडं उरलंय,
ते कुणासाठी खर्च करत नाहीत.

डिसेंबर. गंगेवरची थंडी
फरशीतून तळपायात चढत होती.
बाहेर वारा भरपूर होता,
फक्त नळीत नव्हता.

"गुणगुणतेय," मी म्हटलं. पोचलं नाही.
मग त्यांचा तळवा धरून
मोटरच्या पाठीवर ठेवला.
त्यांनी डोळे मिटले,
पत्रा चाचपताना मिटतात तसे.
"जीव आहे. उठवत नाहीये नुसता."

पिन बघितली, काळी नव्हती.
टेस्टर लावला, लाल डोळा उघडला.
पात्याला पेन्सिलीने ढकललं
तर दोन फेरे आळसात फिरून थांबलं.
"कपॅसिटर," दादा म्हणाले,
आणि मेनरोडला मुर्तुझाभाई नऊला उघडतो, हेही.
नऊपर्यंत चहा. गॅसवर केला,
भट्टीकडे पाठ करून प्यायलो,
आजाऱ्यासमोर जेवू नये तसं.

गंगापूर रोडच्या हॉटेलला सहा घंगाळी द्यायची आहेत.
त्यांत कुणी आंघोळ करणार नाही,
पाण्यावर फुलं सोडणार आहेत.
हे दादांना सांगितलेलं नाही.
ते काठ दुमडतायत दुहेरी,
बादली आदळली तरी वाकू नये म्हणून.

नव्वद रुपयांत मोटर धावली.
मी हात वर करून बोट गोल फिरवलं, ती आमची खूण.
दादांनी चिमूटभर राख
नळीच्या तोंडाशी सोडली.
राख सरळ खाली पडली.

जाळी उघडली: केस, लेंड्या, एक टिकली.
मग नळी. ती फरशीखालून जाते,
चामड्याच्या भात्याच्या काळापासून तिथेच.
भाता गेला, ब्लोअर आला, घसा तोच.
सायकलच्या ब्रेकची तार घातली.
आधी खंगर निघाला, सुपारीएवढा.
मग काहीतरी मऊ.
ओढलं. येतच राहिलं.

कापूस.

मी चौथीत असताना सिव्हिलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
ठोकताना कानात कापूस घालत जा.
आई दर महिन्याला गुंडाळी आणायची,
दादा दर महिन्याला ती कोनाड्यात कोंबायचे.
"कान बुजवले तर
तांबं कडक झालं, आता तापव,
हे मला सांगणार कोण?"
आई गेली. कोनाडा भरलेलाच राहिला.
उंदरांनी तो खाली नेला, तोंडातोंडाने,
आणि उबेला पिल्लं वाढवली त्यात.

दादा बघत राहिले.
काळपट, मुताच्या वासाचा,
पण आतला एक थर अजून पांढरा.
तो त्यांनी बोटांत चोळला.
मला वाटलं, हसतील.
"आधी पिल्लं आहेत का बघ," म्हणाले.
नव्हती.

अकराच्या सुमाराला राख उडाली,
थेट त्यांच्या मिशीत.
कोळसा लाल झाला, मग केशरी,
चौथं घंगाळ तापून निवलं,
आणि पहिला ठोका पडला.
"आवाज कसाय?" त्यांनी ओरडून विचारलं,
मोटरचा की तांब्याचा, मला कळलं नाही.
मी मान हलवली.

संध्याकाळी मेडिकलमधून नवी गुंडाळी आणली,
वीस रुपयांची.
उजव्या कानात घातलाय कापूस.
डावा उघडा ठेवलाय.
घरात एक तरी कान लागतो.